व्हीलचेअर आणि कुटुंबाची रोड ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी ताई व्हीलचेअर वापरते आणि आमचं घर फिरतीचं आहे. त्यामुळे तशाच प्रवासाला निघालेली अनेक कुटुंबं आम्हाला फोन करतात. विचारणाऱ्यांच्या मनातली धाकधूक सारखी असते आणि प्रश्नही बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. औषधं, त्वचा, मूत्राशय अशा बाबतीत मात्र आपल्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा सल्ला आधी घ्या; प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

तयारीची सुरुवात कुठून करायची?

व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीपासून. हे उघड वाटतं, पण बऱ्याच घरांत उलटं घडतं. बाकीचे मिळून बेत ठरवतात, बुकिंग करतात आणि मग तिला सांगतात, "तुझी सगळी सोय केली आहे." सोय कशाला म्हणायचं हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? सकाळी आवरायला किती वेळ लागतो, एका बैठकीत किती वेळ बसवतं, खुर्चीतून गाडीच्या सीटवर स्वतः जाता येतं की कुणाचा हात लागतो, आणि सकाळी जे सहज जमतं ते दिवसभराच्या प्रवासानंतर रात्रीही जमतं का, हे तिला विचारा. त्याआधी विचारा, तिला काय बघायचं आहे. सोयीगैरसोयीच्या चर्चेत हा प्रश्न हमखास मागे पडतो आणि मग सगळी ट्रिप "जिथे खुर्ची जाते तिथे" अशी होऊन बसते. आधी इच्छा, मग वाट, असा क्रम ठेवला तर बऱ्याच वाटा निघतात.

नकाशा आणि फोन शक्यतो तिच्याच हाती असू द्या. आणि ती गाडीत मागे बसणार असंही धरून चालू नका. हँड कंट्रोल बसवलेल्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालतात. व्हीलचेअर वापरणारे कितीतरी लोक स्वतः गाडी चालवतात.

एखादं हॉटेल किंवा ठिकाण व्हीलचेअरसाठी ठीक आहे का, हे आधी कसं कळणार?

"तुमच्याकडे व्हीलचेअर येते का?" असं विचारलं की "हो, येते की" असंच उत्तर मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. रोज पायऱ्या चढणाऱ्याला दारातली एक पायरी दिसतच नाही. "एकच तर पायरी आहे, आम्ही उचलून घेऊ" हीसुद्धा त्याच्या लेखी सोयच असते. इलेक्ट्रिक व्हीलचेअर एकटीच शंभर किलोच्या वर जाऊ शकते. ती माणसासकट उचलणं सगळ्यांसाठीच धोक्याचं आहे. शिवाय चारचौघांत उचलून नेलं जाणं अनेकांना मुळीच नको असतं, आणि त्यांचं ते म्हणणं योग्यच आहे.

म्हणून हो-नाही असे प्रश्न सोडून द्या आणि मापं मागा. या सगळ्या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फोनवर आम्ही विचारतो ते साधारण असं:

- रस्त्यापासून खोलीपर्यंत वाटेत पायऱ्या किती? एकच असेल तर ती किती सेंटिमीटर उंच?
- खोलीचं आणि बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती उरते? ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सावध व्हा. साधी व्हीलचेअर ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते, पण चाकं फिरवणाऱ्या हातांनाही जागा लागते. अरुंद बोळातून वळून दारात शिरायचं असेल तर ८०ही कमी पडतात.
- बाथरूममध्ये खुर्ची वळते का? जागच्या जागी पूर्ण वळायला सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं.
- गादीसकट पलंगाची उंची किती? ती खुर्चीच्या सीटच्या जवळपास असेल तर सरकून जाणं सोपं. होइस्ट, म्हणजे माणसाला उचलून हलवायचं यंत्र, वापरत असाल तर त्याचे पाय पलंगाखाली शिरतील एवढी मोकळी जागा आहे का, हेही विचारा. बॉक्स पलंग असेल तर होइस्ट चालत नाही.
- कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे आणि कोणत्या बाजूला आधाराचा दांडा? ज्यांची एकच बाजू मजबूत आहे त्यांच्यासाठी डावं-उजवं फार महत्त्वाचं असतं.
- शॉवरची जागा सपाट आहे की उंबरा ओलांडावा लागतो? बसायला पक्कं आसन आहे का?

मग फोटो मागा, दारात मेजरिंग टेप आडवी धरून काढलेला. टेप घेऊन उठायला जो माणूस तयार होतो, तो पुढेही मदत करतो, असा आमचा अनुभव आहे.

आपलीही मापं लिहून ठेवा: खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी, फूटरेस्टसकट लांबी, सीटची उंची, खुर्चीत बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची आणि खुर्चीचं वजन. ही नोंद घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

निळी व्हीलचेअरची खूण असेल तर निर्धास्त राहायचं का?

नाही. सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं १९६८ साली मूळ आकृती काढली आणि नंतर तिला डोकं जोडलं गेलं. ती खूण आज जगभर ओळखली जाते. पण ती कुणी कुठेही लावू शकतो. दाराची रुंदी तिच्यावरून कळत नाही.

नकाशे थोडी जास्त माहिती देतात. जर्मनीत २०१० साली सुरू झालेल्या व्हीलमॅप या नकाशावर सामान्य लोक ठिकाणांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतात: व्हीलचेअर पूर्ण जाते, काही भागात जाते, जात नाही. तो ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालतो. गूगल मॅप्समध्ये २०२०पासून व्हीलचेअरनं जाता येणारी ठिकाणं ठळक दाखवण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. दोन्हीकडची माहिती लोकांनीच भरलेली असते, म्हणून कुठे भरपूर तर कुठे काहीच नाही. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडतात ते पाहुण्यांनी टाकलेले फोटो आणि रस्त्यावरून दिसणारं दृश्य. दारापुढची पायरी, फुटपाथचा कठडा, पार्किंगमधली खडी, हे सगळं त्यात दिसतं. फोटोची तारीख तेवढी बघा.

गाडी कोणती घ्यावी? घरची चालेल का?

खुर्चीतून सीटवर जाता येत असेल आणि खुर्ची घडी होत असेल तर घरची गाडी बहुतेक वेळा पुरते. बघायचं ते सीटच्या उंचीकडे. खूप बुटकी गाडी असेल तर उतरताना स्वतःला वर उचलावं लागतं, उंच एसयूव्ही असेल तर चढताना. गाडीची सीट खुर्चीच्या सीटच्या पातळीत असली की निम्मं काम झालं. दार किती उघडतं आणि पुढची सीट किती मागे सरकते हेही निघण्याआधी करून पाहा. नुसतं बघून अंदाज चुकतो.

खुर्चीवर बसूनच प्रवास करायचा असेल तर रॅम्प किंवा लिफ्ट असलेली व्हॅन लागते. ती भाड्यानं घेताना लोक रॅम्पची चौकशी करतात आणि दाराची उंची विसरतात. बसल्यावर डोकं किती उंचीवर येतं ते माप इथे लागतं. अशा गाड्या थोड्याच असतात, त्यामुळे आधी गाडी पक्की करा आणि मग तारखा ठरवा.

सीटवर बसताना-उतरताना काय काळजी घ्यावी?

गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर खुर्ची सरकते आणि गाडीचं दार अंगावर येतं. खुर्ची सीटला किंचित तिरकी लावा, ब्रेक लावा, दाराच्या बाजूचा आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट काढा. मधली फट मोठी असेल तर ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे सरकून जायची फळी, वापरा; उघड्या त्वचेवर तो घासतो, म्हणून मध्ये कापड हवं. डोकं वाकवायला विसरू नका, दाराच्या चौकटीवर आपटतं.

मदत करणाऱ्यानं काखेत हात घालून ओढू नये. खांदा दुखावतो, आणि रोज चाकं फिरवणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर तिचं सगळं स्वातंत्र्य अवलंबून असतं. कसं धरायचं ते तिलाच विचारा किंवा निघण्याआधी थेरपिस्टकडून शिकून घ्या. आणि घाई करू नका. मागची गाडी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करणं सुरक्षित आहे का?

खुर्ची, बांधणी आणि बेल्ट, तिन्ही योग्य असतील तर. सगळ्या व्हीलचेअर गाडीतली सीट म्हणून वापरण्यासाठी बनलेल्या नसतात. त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७१७६-१९ हे आहे. खुर्चीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शोधा. अशा खुर्चीच्या फ्रेमवर पट्टे अडकवायच्या जागी हुकाची खूण असते.

खुर्चीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला हवं. आडवी उभी केलेली खुर्ची अपघातात सगळ्यात धोकादायक ठरते. चार पट्टे, दोन पुढे आणि दोन मागे, फ्रेमच्या पक्क्या भागाला बांधा. चाकांना, फूटरेस्टला किंवा निघणाऱ्या आर्मरेस्टला कधीही नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज बेल्टबद्दल असतो. चार पट्टे खुर्चीला धरतात, माणसाला नाही. खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा बहुधा नीट बसता यावं म्हणून असतो. अपघाताचा झटका तो पेलेल असं समजू नका. माणसासाठी गाडीला जोडलेला वेगळा बेल्ट लागतो, कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा. त्याचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर, अंगाला लागून बसला पाहिजे. तो आर्मरेस्टच्या वरून नेला तर मध्ये पोकळी राहते आणि बेल्टचा उपयोग उरत नाही. हे दर वेळी तपासायचं, दहा मिनिटांचं अंतर असलं तरी.

सीटवर जाणं जमत असेल, त्वचेला आणि पाठीला चालत असेल, तर गाडीची स्वतःची सीटच सहसा जास्त सुरक्षित असते.

घडी केलेली व्हीलचेअर कुठे ठेवायची?

डिकीत, पण बांधून. मोकळी खुर्ची जोरात ब्रेक लागला की पुढच्यांच्या डोक्यावर येते. काढलेले फूटरेस्ट एका पिशवीत ठेवा, नाहीतर तेच मागे राहतात. कुशन डिकीत टाकू नका; ते आत, सावलीत असू द्या. खुर्ची सामानाच्या वर आणि शेवटी चढवायची, म्हणजे थांबलो की आधी तीच निघते.

सोबत रॅम्प न्यावा का? किती लांब?

एखाददुसऱ्या पायरीसाठी घडीचा रॅम्प फार कामाचा. माणूस स्वतः चढणार असेल तर १:१२ हा उतार धरतात, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटरचा रॅम्प. या हिशेबानं दोन-तीन पायऱ्यांना लागणारा रॅम्प डिकीत मावतच नाही, म्हणून "रॅम्प आहे ना आपल्याकडे" या भरवशावर पायऱ्यांचं हॉटेल घेऊ नका.

व्हॅनचे रॅम्प याहून खूप तीव्र असतात. तिथे मागून धरणारा माणूस हवाच आणि उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठ उताराकडे करून, सावकाश उतरवायची. रॅम्पवर लिहिलेल्या वजनात माणूस, खुर्ची आणि ढकलणारा असे तिघे मोजा.

एका दिवसात किती अंतर कापावं?

नकाशा जेवढे तास सांगतो त्यावर जाऊ नका. प्रत्येक थांब्यावर खुर्ची काढणं, बसणं, स्वच्छतागृह गाठणं, परत चढणं यात बाकीच्यांच्या पाच मिनिटांचा अर्धा-पाऊण तास होतो. त्यात चूक कुणाचीच नसते. तो वेळ आधीच धरला की चिडचिड होत नाही.

पण खरी मर्यादा त्वचा घालते. मज्जारज्जूच्या इजेमुळे किंवा दुसऱ्या कारणानं कमरेखाली संवेदना नसेल तर अवघडल्याची जाणीवच होत नाही. आपण नकळत सारखे कूस बदलत असतो. तिथे तसं घडत नाही. बसण्याच्या हाडांखालची त्वचा दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत बेडसोरची सुरुवात होऊ शकते. तो भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायचा, पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटं तसंच राहायचं, असं साधारण शिकवलं जातं. चालत्या गाडीत पुढे झुकणं बेल्टमुळे जमत नाही आणि सुरक्षितही नाही. तेव्हा गाडी थांबवणं हाच उपाय. किती वेळानं थांबायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि घड्याळ लावा. "अजून थोडं पुढे जाऊन थांबू" हे इथे चालत नाही.

काही बारीक गोष्टी: मागच्या खिशात किल्ल्या किंवा फोन नको, जाड शिवणीची किंवा बटणांची पँट नको. सीट गरम करणारं बटण बंद ठेवा. संवेदना नसलेल्या त्वचेला त्यानं भाजलेलं कळतही नाही. रात्री आरशानं त्वचा बघा. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशीचा बेत बदला. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे रंग गडद झालाय का, जागा गरम किंवा कडक लागते का, ते हातानं तपासा.

स्वच्छतागृहाचं काय करायचं? सगळ्यात मोठी भीती तीच आहे.

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर लोक जो उपाय करतात तो वाईट आहे: पाणी पिणं बंद करतात. त्यानं मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि उन्हात चक्कर ओढवते. पाणी कमी करायचं नाही, थांबे वाढवायचे.

रस्ता आखताना आधी स्वच्छतागृहं नकाशावर टाका आणि मग जेवणाची, बघण्याची ठिकाणं त्यांच्याभोवती बसवा. मोठी रुग्णालयं, विमानतळ, नवे मॉल, मोठी संग्रहालयं इथे मोठ्या दाराचं स्वच्छतागृह मिळण्याची शक्यता जास्त. तरी फोन करा, कारण असलेलं स्वच्छतागृह कुलपात असतं किंवा आत झाडू-बादल्या भरलेल्या असतात. "आम्ही अमुक वाजता येतोय, ते उघडं आणि रिकामं करून ठेवाल का?" एवढं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

दिवसातून अनेकदा कॅथेटर (मूत्राशय रिकामं करायची नळी) घालणारे साधारण दर चार ते सहा तासांनी ते करतात. त्या वेळा थांब्यांशी जुळवा आणि सामान लागेल त्याहून बरंच जास्त घ्या, दोन वेगळ्या बॅगांत. लेग बॅग (पायाला बांधलेली लघवीची पिशवी) असेल तर ती लांब टप्प्याआधी रिकामी करा आणि नळी सीटखाली किंवा बेल्टखाली दबलेली नाही ना ते बघा. गाडीच्या खिडक्यांना पडदे, युरिनल बॉटल, हात धुवायचं पाणी आणि मोठी चादर एवढं असलं की कुठेही अडत नाही. शौचाची रोजची वेळ प्रवासातही बदलू नका. निघायला उशीर झाला तरी चालेल.

ज्यांना आडवं होऊन कपडे बदलावे लागतात, अशा मोठ्या माणसांसाठी अपंगांसाठीचं नेहमीचं स्वच्छतागृहही पुरत नाही. ब्रिटनमध्ये यासाठी चेंजिंग प्लेसेस नावाची स्वच्छतागृहं आहेत: सुमारे १२ चौरस मीटर जागा, मोठ्या माणसाला झोपता येईल असा बाक आणि छताला होइस्ट. जिथे असं काही नाही तिथे दिवसा काही तासांसाठी खोली घेणं हा मार्ग निघतो. कुणालाही जमिनीवर झोपवून कपडे बदलायची वेळ आणू नये.

उन्हात, थंडीत किंवा डोंगरात काही वेगळं घडतं का?

हो. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं. पाण्याचा फवारा, ओला रुमाल, सावली, आणि भर दुपारी वातानुकूलित गाडीतला टप्पा, असा दिवस आखा. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्यांनाही उष्णतेनं थकवा आणि अशक्तपणा वाढतो. उन्हात तापलेल्या खुर्चीच्या दांड्यांनी चटका बसतो.

हवेची कुशन असेल तर घाट चढल्यावर ती पुन्हा तपासा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. कुशन टणक होऊन तोल आणि दाब दोन्ही बिघडतात. वर थोडी हवा काढली असेल तर खाली उतरल्यावर परत भरायची. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

इलेक्ट्रिक व्हीलचेअरचं चार्जिंग?

रोज रात्री, पूर्ण. खोलीत पलंगाजवळ प्लग आहे का विचारा आणि एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा. थंडीत आणि चढावर बॅटरी लवकर उतरते, तेव्हा माहितीपत्रकातल्या अंतरावर विसंबू नका. मोटर सोडवून खुर्ची हातानं ढकलण्याचा खटका कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवा. दुसऱ्या देशात जात असाल तर चार्जर तिथल्या व्होल्टेजवर चालतो का ते त्याच्यावरच छापलेलं असतं. जमत असेल तर एक घडीची साधी खुर्चीही सोबत घ्या.

वाटेत खुर्ची किंवा गाडी बिघडली तर?

खुर्चीसाठी: मापाची जादा ट्यूब, हवेचा पंप, ॲलन कीचा संच, स्क्रू ड्रायव्हर, केबल टाय, मजबूत चिकटपट्टी. टायर आणि ट्यूब बऱ्याचदा सायकलच्या दुकानात मिळतात, पंक्चरही तिथे काढून देतात. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंततात, ते रोज काढा. पुढच्या मुक्कामाच्या गावात व्हीलचेअर दुरुस्त करणारं किंवा भाड्यानं देणारं कुणी आहे का, ते निघण्याआधी शोधून ठेवा.

गाडीसाठी: रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेताना थेट विचारा, "गाडी टो करावी लागली तर व्हीलचेअरवरचा माणूस कशातून जाणार?" टो ट्रकच्या केबिनमध्ये चढणं अनेकांना अशक्य असतं. उत्तर नसेल तर त्या भागातल्या रॅम्पच्या टॅक्सीचा नंबर जवळ ठेवा.

औषधं आणि तातडीचे प्रसंग?

औषधं हातातल्या बॅगेत, लागतील त्याहून काही दिवसांची जास्त. अंग आखडू नये म्हणून दिलं जाणारं बॅक्लोफेन अचानक बंद पडणं धोकादायक आहे, ते संपू देऊ नका.

मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणजे काय हे गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवं. भरलेलं मूत्राशय, मुडपलेली नळी, घट्ट पट्टा, बद्धकोष्ठता, अशा कारणांनी रक्तदाब एकदम चढतो. डोकं जोरात दुखतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा वेळी गाडी थांबवा, माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. कपडे, बूट, पट्टे सैल करा, नळी तपासा, मूत्राशय रिकामं करा. त्रास लगेच उतरला नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. सगळ्याच डॉक्टरांनी हे पाहिलेलं नसतं, म्हणून एका कार्डावर त्याची माहिती आणि नेहमीचा रक्तदाब लिहून पाकिटात ठेवा.

हॉटेलमध्ये आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. तळमजल्याची खोली मागा. वरची घ्यावीच लागली तर व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली कसं आणणार, हे पोहोचल्या पोहोचल्या विचारा.

सांगितली तशी खोली मिळाली नाही तर?

टेपसह फोटो आणि लेखी मापं असतील तर बोलायला आधार असतो. खोली "विनंतीनुसार" नको, आपल्या नावानं पक्की राखलेली हवी, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. तरी गडबड झालीच तर शांतपणे, पण ठामपणे सांगा की ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, या दारातून बाथरूममध्ये जाताच येत नाही. दुसरी सोय करून देणं त्यांचं काम आहे. कधी कधी दार बिजागरीवरून उतरवून पडदा लावला तरी पाच-सहा सेंटिमीटर मिळतात आणि रात्र निभते.

समुद्र, धबधबा, डोंगरावरचे पॉइंट हे सोडूनच द्यायचे का?

अजिबात नाही. काही किनाऱ्यांवर फुगीर चाकांच्या खास खुर्च्या आणि वाळूवर अंथरलेल्या चटया असतात. पर्यटन कार्यालयाला विचारा. साध्या खुर्चीची पुढची चाकं वाळूत आणि खडीत रुततात. तिथे खुर्ची मागे कलवून, पुढची चाकं उचलून न्यावी लागते.

वाटेचा एका बाजूला झुकलेला उतार फोटोत दिसत नाही, पण तो फार दमवतो. खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हातानं जोर लावावा लागतो.

पॉइंटवर पोहोचल्यावरचा प्रश्न वेगळाच असतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात. कठडा भरीव आणि तेवढाच उंच असेल तर सगळे "काय सुंदर!" म्हणतात आणि तिला समोर सिमेंट दिसतं. तेव्हा "पॉइंटपर्यंत खुर्ची जाते का" एवढं विचारून थांबू नका. "बसून दिसतं का" हेही विचारा. जाळीचा कठडा किंवा वाटेवरचं एखादं वळण कधी कधी मुख्य जागेपेक्षा चांगलं दृश्य देतं.

लोक तिच्याशी न बोलता आमच्याशी बोलतात. काय करावं?

"तिलाच विचारा ना," एवढं म्हणा आणि गप्प राहा. उत्तर देण्याचा मोह आवरा. वेटरनं "यांना काय हवंय?" असं विचारलं तर मेन्यू तिच्याकडे सरकवा.

मदतीला धावणाऱ्यांना सांगा की आधी विचारा आणि मग हात लावा. न सांगता कुणी मागून ढकललं की तोल जातो. उचलायची वेळ आलीच तर फ्रेमला धरायचं. आर्मरेस्ट निघून हातात येतो.

सोबत लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत. सगळ्यांचं कसं जमणार?

वेगळं व्हायला घाबरू नका. मुलांना चढ चढायचा असेल तर जाऊ द्या, पण खाली थांबणारीलाही तेवढंच आवडेल असं काहीतरी तिनं स्वतः निवडलेलं असावं, आणि दर वेळी तीच थांबणार असं होऊ नये. मुलांना ठरलेली कामं द्या: कुशन आणणं, फूटरेस्टची पिशवी सांभाळणं, दाराची मापं घेणं. आमच्या घरातल्या मुलांना टेप घेऊन पुढे पळायला फार आवडतं.

नातेवाईक म्हणतात, "उगाच तिला कशाला दगदग?"

ती दगदग तिला हवी आहे का, हे तिला विचारा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, ३०व्या कलमात, करमणूक, खेळ आणि पर्यटनाच्या ठिकाणी जाता येणं हा हक्क म्हणून नोंदलेला आहे. सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला विश्रांती हवी असेल तर तेही खरं आहे आणि ते मोकळेपणानं बोलावं. ड्रायव्हिंग आणि मदत ही दोन्ही कामं एकाच माणसावर टाकू नका.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

आधी त्वचा तपासा आणि एक दिवस विश्रांतीला ठेवा. खुर्चीची चाकं काढून वाळू आणि केस साफ करा, नट आवळा, ब्रेक बघा, कुशनचं कव्हर धुवा.

मग मापं भरा. जिथे गेलात तिथल्या पायऱ्या, दारांची रुंदी, स्वच्छतागृहाचे फोटो व्हीलमॅपवर किंवा गूगलवर टाका. "छान सोय आहे" असं लिहू नका. "दार ८४ सेंटिमीटर, एक पायरी ७ सेंटिमीटर, दांडा बसल्यावर डाव्या हाताला" असं लिहा.